विरघळणाऱ्या स्क्रूचा हिशेब

गडब, ४ जुलै २०२४, गुरुवार

पुतण्याला काल हॉस्पिटलातून घरी आणलं. वैशाखातल्या एका रात्रीच्या सामन्यात चढाई करताना त्याचा पाय जागीच रुतला, वरचं अंग फिरलं आणि गुडघ्यातला लिगामेंट गेला. या पट्ट्यात कबड्डी गावोगाव, त्यामुळे 'एसीएल' हे नाव शाळकरी पोरांनाही पाठ. मांडीच्या मागचा कंडरा काढून नवा लिगामेंट केलाय. वर मांडीच्या हाडाला तो टायटॅनियमच्या बटणावर टांगलाय आणि खाली नडगीच्या हाडात एका स्क्रूने दाबून बसवलाय. बटण कायमचं, स्क्रू विरघळणारा.

संध्याकाळी भावजयीने फाईल माझ्यापुढे ठेवली. "नाना, यो स्क्रू अंगान इरघलनार सांगतान. मंग जानार कुठं? रक्तान जाईल?"

हॉस्पिटलात तिला 'काळजी नको, आपोआप विरघळतो' एवढंच सांगितलेलं. तिचा प्रश्न रास्त आहे. माझी नोकरी नागोठण्याच्या पेट्रोकेमिकल कारखान्याच्या प्रयोगशाळेत प्लास्टिकचे दाणे तपासण्यात गेली, म्हणून घरात प्लास्टिकचा जाणकार मी. पण आम्ही बनवायचो ते पॉलीप्रॉपिलीन आणि पॉलीइथिलीन. ते टिकावं यासाठीच आमची धडपड असायची. हे प्रकरण उलटं आहे.

डिस्चार्ज कार्डाच्या मागे दोन स्टिकर आहेत. बटणाच्या स्टिकरवर धातूचं नाव आणि लॉट नंबर. स्क्रूच्या स्टिकरवर मजकूर दाटीवाटीने: पॉलीलॅक्टाइड ७० टक्के, बीटा ट्रायकॅल्शिअम फॉस्फेट ३० टक्के, ८ बाय २५ मिलिमीटर, इथिलीन ऑक्साइडने निर्जंतुक, एकदाच वापरा, २५ अंशांखाली कोरड्या जागी ठेवा, मुदत अमुक. एक कोपरा कोणाच्या तरी ओल्या बोटाने पुसट झालाय. सगळा मजकूर वहीत उतरवून घेतला. फाईल हरवली, तर हाडातला स्क्रू कोणाचा आणि कुठल्या घाण्यातला, हे सांगायला दुसरा कागद नाही.

७ जुलै, रविवार

भावजयीला उत्तर दिलं. लॅक्टिक आम्लाचे रेणू एकापुढे एक जोडले की पॉलीलॅक्टाइडची लांब साखळी तयार होते. पाणी तिचे जोड तोडत जातं. साखळी आखूड आखूड होत शेवटी सुटं लॅक्टिक आम्ल उरतं. तेच आम्ल चढाईच्या वेळी पोराच्या मांडीतही तयार होतं. पेशी ते जाळतात, कार्बन डायऑक्साइड श्वासावाटे जातो, पाणी पाण्यात मिळतं.

"म्हंजे नाकान जानार?"

"बहुतेक नाकानेच."

स्क्रूतली दुसरी वस्तू म्हणजे फॉस्फेटची भुकटी. ती हाडाच्याच जातीची. हाड ती हळूहळू खाऊन टाकतं आणि आम्लाची धारही ती थोडी बोथट करते.

मग कागदावर हिशेब मांडला. एवढ्याशा स्क्रूचं वजन ग्रॅमच्या आसपास. धडधाकट माणसाचं शरीर विश्रांतीतही दिवसाला शंभर ग्रॅमहून जास्त लॅक्टिक आम्ल बनवतं आणि जिरवतं. त्यापुढे दोन-तीन वर्षांत मिळून एक ग्रॅम म्हणजे काहीच नाही. विषारीपणाचा प्रश्न इथेच मिटला, असं वाटतं. पण प्रयोगशाळेत वर्षं काढलेला माणूस एवढ्यावर थांबत नाही. अंगभर पसरलेलं आम्ल वेगळं आणि हाडातल्या बोटभर बोगद्यात एका जागी साठणारं आम्ल वेगळं. एकूण किती, यापेक्षा एका जागी किती वेगाने, हे विचारायला हवं.

इतिहासही वाचला. ड्युपॉन्टमध्ये वॉलेस कॅरोदर्सने १९३० च्या आसपास याच कुळातले पॉलिएस्टर बनवून पाहिले होते. ते लवकर वितळायचे आणि पाण्याने खराब व्हायचे. कापडाच्या धाग्याला हे चालणार नाही म्हणून तो दुसरीकडे वळला आणि १९३५ मध्ये त्याच्या हाती नायलॉन लागलं. ज्या खोडीपायी हा माल बाजूला पडला, तीच पुढे शस्त्रक्रियेच्या उपयोगी पडली. १९६६ मध्ये वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड केंद्रातल्या अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेतून पॉलीलॅक्टिक आम्ल शरीरात बसवण्याबद्दलचा निबंध आला. पहिलं नाव आर. के. कुलकर्णी. आडनाव वाचून चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. गिनीपिग आणि उंदरांच्या अंगात ठेवलेला हा पदार्थ विषारी ठरला नाही, सावकाश झिजला आणि महत्त्वाच्या अवयवांत त्याचे अवशेष फारसे साठले नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष. भावजयीचा प्रश्न तेव्हाच कोणीतरी विचारून ठेवला होता.

१२ जुलै, शुक्रवार

गावातल्या डॉक्टरांकडे पोराचे वरचे टाके काढले. ते काळ्या नायलॉनचे. कात्री लावली, ओढले, झालं. आतले टाके काढायचे नसतात. ते कसले असतात म्हणून विचारलं, तर डॉक्टरांनी कपाटातून पाकीट काढून दाखवलं. मुदत संपलेलं होतं, म्हणून फोडलंही.

बाहेर कागद आणि पारदर्शक प्लास्टिकचं सोलायचं पाकीट. आत जाड ॲल्युमिनियमचं दुसरं. ते फाडताना नवं कोरं असल्यासारखा करकर आवाज आला. आत एका घडीच्या पुठ्ठ्यावर जांभळा धागा आठ-आठ घालून गुंडाळलेला आणि टोकाला चंद्रकोरीसारखी सुई. रंग मुद्दाम घातलेला, रक्तात धागा दिसावा म्हणून. बोटात धरला तर गोधडीच्या दोऱ्याइतकाही जाड नाही, पण हिसका दिला तरी तुटला नाही. हा पॉलीग्लॅक्टिन, ९० भाग ग्लायकोलाइड आणि १० भाग लॅक्टाइड, १९७४ पासून बाजारात. त्याआधी १९७० च्या सुमारास नुसत्या पॉलीग्लायकोलिक आम्लाचा धागा आला होता. त्याच्याही आधी कॅटगट. मेंढीच्या किंवा गुरांच्या आतड्याचं ते प्रथिन शरीरातली विकरं खाऊन टाकायची, आणि कोणाचं शरीर किती लवकर खाईल याचा भरवसा नसायचा. आजारी, ताप असलेल्या माणसात टाका लवकर सैल पडायचा. नव्या धाग्याला पाणी पुरतं, आणि पाणी सगळ्यांच्या अंगात सारखंच असतं. मोठी सुधारणा झाली ती ही.

या धाग्याचं वेळापत्रक ठरलेलं आहे. दोन आठवड्यांनी तीन चतुर्थांश ताकद, तीन आठवड्यांनी निम्मी, आणि ५६ ते ७० दिवसांत धागा नाहीसा. पोटाच्या भिंतीसारखी जखम सावकाश भरणारी असेल तर हा पुरत नाही. तिथे पॉलीडायऑक्सॅनोनचा धागा लागतो, तो सहा आठवड्यांनंतरही थोडा जोर धरून असतो. चुकीच्या जागी सुरक्षित धागाही घातकच.

मी विचारलं, पाकीट ॲल्युमिनियमचं कशाला? डॉक्टरांनी नुसतं खिडकीकडे बोट दाखवलं. बाहेर पाऊस धो धो, भिंतींना बुरशी, आणि कपाटाचं दार फुगून बसत नव्हतं. जे पाणी अंगात धाग्याचे जोड तोडतं, तेच हवेतलं दमट पाणी पाकिटातही तोडणार. दिसायला धागा जसाच्या तसा, ताकद मात्र अर्धी. कारखान्यात दाण्यांचा प्रवाहांक मोजायचो. २३० अंशांवर, २.१६ किलोच्या वजनाखाली वितळलेलं पॉलीप्रॉपिलीन बारीक छिद्रातून दहा मिनिटांत किती ग्रॅम गळतं, ते. आकडा वाढला की साखळ्या तुटल्याचं कळायचं. टाक्याच्या धाग्याचा आकडा दवाखान्यात कोण काढणार? म्हणून विश्वास पाकिटावर. फोडलेलं पाकीट उरलं म्हणून स्पिरिटात बुडवून पुढच्या माणसासाठी ठेवायचं नाही. पैसे वाचवायला असं कुठे कुठे करतात, हे डॉक्टर बोलले आणि गप्प झाले.

१७ जुलै, बुधवार, आषाढी

उपवास, पाऊस, घरातच. हेलसिंकीतली कथा वाचली.

फिनलंडमधल्या सर्जननी १९८० च्या दशकात घोट्याची हाडं विरघळणाऱ्या दांड्यांनी जोडायला सुरुवात केली. धातूचे स्क्रू नंतर काढायला दुसरं ऑपरेशन लागतं, ते वाचवायचं होतं. पहिला माल पॉलीग्लायकोलिक आम्लाचा. हाडं छान जुळली. आणि काही रुग्णांत, साधारण अकरा आठवड्यांनी, जुळलेल्या घोट्यावर लाल फुगा येऊन फुटला. आतून पातळ पू-पाणी. तपासणीत जंतू नाहीत. ओले बॉस्टमन आणि सहकाऱ्यांनी २५२८ रुग्णांचा हिशेब २००० मध्ये छापला. १०८ जणांना असा त्रास झाला होता. त्यातले १०७ पॉलीग्लायकोलिकवाले, पॉलीलॅक्टिकवाला फक्त एक, आणि त्याला फुगा आला तो चार वर्षं उलटल्यावर.

दोन्ही पदार्थ एकाच कुळातले आणि प्राण्यांवरच्या चाचण्यांत निर्धोक. फरक वेगाचा. पॉलीग्लायकोलिक भराभर तुटतं, तुकडे आणि आम्ल एकदम बाहेर पडतात, आजूबाजूच्या रक्तवाहिन्या आणि सफाई करणाऱ्या पेशी तेवढ्या वेगाने उचलू शकत नाहीत. पॉलीलॅक्टिक इतकं सावकाश तुटतं की उचलणं जमून जातं.

पण सावकाशीचीही किंमत असते. नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगेनच्या बर्ग्समा यांच्या गटाने गालाच्या हाडाला पॉलीलॅक्टाइडच्या पट्ट्या बसवल्या होत्या. तीन वर्षं सगळं ठीक. नंतर काही रुग्ण गाल सुजला म्हणून परत आले. आत पट्टीचे बारीक स्फटिकी तुकडे शिल्लक होते, न विरघळता, आणि भोवती पेशींचा गराडा. घाई केली तर महिन्यांत त्रास, फार सावकाश घेतलं तर वर्षांनी. माणसाच्या अंगाशी जुळणं हा पदार्थाच्या अंगचा गुण नाही. तो पदार्थ, जागा, आकार आणि काळ यांच्यातला करार आहे.

२४ जुलै, बुधवार

फॉलोअपला गेलो. गडबहून मिनीडोरने वडखळ नाका, तिथून एसटी. हायवेच्या खड्ड्यांत पोराचा पाय मी दोन्ही हातांनी धरून बसलो. २०११ पासून हा रस्ता रुंद होतोय.

सर्जन तरुण, घाईत, पण प्रश्न विचारले की थांबणारे. धातूचा स्क्रू का नाही? त्यांनी बोटं मोजली. धातूचा स्क्रू वाईट नाही, तोही वर्षानुवर्षं चालतो. पण पुन्हा लिगामेंट तुटला आणि दुसरं ऑपरेशन करावं लागलं, तर तो काढताना हाडात मोठं भोक पडतं. एमआरआयमध्ये धातूभोवती चित्र बिघडतं. विरघळणारा पिळताना क्वचित मोडतो, म्हणून आधी हाडात वाट करून घ्यावी लागते. आणि कधी कधी हाड भरून येण्याऐवजी बोगदा रुंदावतो किंवा तिथे पाण्याची गाठ होते.

"मग त्याने किती दिवस धरून ठेवायचं असतं?"

"आठ ते बारा आठवडे. तोवर कंडरा हाडाला चिकटतो. पुढे स्क्रू असला काय, नसला काय."

म्हणजे काम तीन महिन्यांचं आणि मुक्काम तीन वर्षांचा. हे अंतर मी वहीत अधोरेखित केलं. सगळी जोखीम त्या उरलेल्या पावणेतीन वर्षांत आहे, आणि नेमका तेव्हाच रुग्ण बरा झालेला असतो, फाईल माळ्यावर गेलेली असते.

घरी येऊन आणखी एक गोष्ट वाचली, ती मला कारखान्यातही कोणी सांगितली नव्हती. वाटेल की जाड तुकडा बाहेरून झिजत बारीक होत जातो. फ्रान्समध्ये मिशेल व्हर्ट आणि सुमिंग ली यांच्या गटाने १९९० च्या सुमारास दाखवून दिलं की उलटं होतं. बाहेरच्या थरातलं आम्ल पाण्यात निघून जातं. आतलं बाहेर पडू शकत नाही, साठतं आणि तेच आम्ल पुढची तोडफोड वाढवतं. तुकडा आतून आधी पोकळ होतो, वरचं कवच शाबूत दिसतं, आणि कवच फुटलं की आतलं एकदम बाहेर. त्यामुळे जाड तुकडा कधी कधी बारक्यापेक्षा लवकर तुटतो. स्क्रूमध्ये फॉस्फेटची भुकटी का घालतात, ते आता नीट कळलं.

४ ऑगस्ट, रविवार, दीप अमावास्या

दिवे धुवून मांडले. दुपारी गावातले निवृत्त गुरुजी आले. त्यांच्या हृदयात स्टेंट आहे, धातूचा. त्यांच्या मुलाने कुठेतरी वाचलं होतं की विरघळणारा स्टेंटही मिळतो. "मला तो का नाही घातला?" गुरुजींचा सूर वंचित राहिल्याचा.

त्यांना सांगितलं, बरं झालं नाही घातला. ॲबट कंपनीचा ॲबसॉर्ब हा स्टेंट पॉलीलॅक्टाइडचा होता. कल्पना देखणी. रक्तवाहिनी फुगवून धरायची, औषध सोडायचं आणि साधारण तीन वर्षांत निघून जायचं, वाहिनी पुन्हा मोकळी. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०१६ मध्ये मान्यता दिली. मार्च २०१७ मध्ये त्याच प्रशासनाने डॉक्टरांना पत्र धाडलं. दोन वर्षांत ११ टक्के रुग्णांना हृदयाचा मोठा त्रास, तर त्याच कंपनीच्या धातूच्या स्टेंटमध्ये ७.९ टक्के. सप्टेंबर २०१७ मध्ये विक्री बंद.

कारण साधं यंत्रशास्त्राचं. पॉलीलॅक्टाइड धातूइतकं बळकट नाही, म्हणून त्याच्या काड्या दीडशे मायक्रॉन जाड कराव्या लागल्या. धातूच्या त्याच्या निम्म्या जाडीच्या असतात. जाड काडीमागे रक्ताचा प्रवाह घुटमळतो, गुठळी धरते. रसायन विषारी नव्हतंच, आकार आड आला.

आपल्याकडे राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने १३ फेब्रुवारी २०१७ ला स्टेंटच्या किमती बांधल्या, त्यात विरघळणारा आणि औषध सोडणारा धातूचा दोन्ही एकाच २९,६०० रुपयांच्या रांगेत बसवले. तेव्हा बरीच ओरड झाली की नवं तंत्रज्ञान मारलं. गुरुजींना ते आठवत होतं. सात महिन्यांनी ते तंत्रज्ञान स्वतःच बाजारातून उठलं.

पण गोष्ट तिथे संपत नाही. याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेत त्याच कंपनीच्या विरघळणाऱ्या दुसऱ्या स्टेंटला मान्यता मिळाली. तो हृदयासाठी नाही, गुडघ्याखालच्या पायाच्या धमन्यांसाठी. मधुमेहाने पाय काळा पडायला लागतो, अशा रुग्णांसाठी. पदार्थ तोच, काड्या बारीक, जागा वेगळी. एका जागी नापास झालेला माल दुसऱ्या जागी पास.

गुरुजी म्हणाले, "म्हंजे हुशारी स्क्रूत नाय, बसवनाऱ्यान हाय." अर्धं खरं आहे.

१८ ऑगस्ट, रविवार

पेणला गेलो, गणपती ठरवायला. भावजयीची अट शाडूचीच मूर्ती. कारखान्यात दोन्ही रांगा होत्या. शाडूच्या मूर्तींना हात लावू नका म्हणून दटावलं, प्लास्टर ऑफ पॅरिसच्या रांगेत पोरं बिनधास्त फिरत होती.

मूर्तिकाराला एक गोष्ट सांगितली, त्याने विश्वास ठेवला नाही. प्लास्टर विरघळत नाही म्हणून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या सूचनांनी प्लास्टरच्या मूर्तींवर बंदी आणली. हेच प्लास्टर, म्हणजे कॅल्शिअम सल्फेट, डॉक्टर हाडातल्या पोकळ्या भरायला वापरतात आणि तिथे ते काही आठवड्यांत जिरून जातं. जर्मनीत ड्रेसमन या सर्जनने १८९२ मध्ये क्षयाने पोखरलेली हाडं त्याने भरल्याची नोंद आहे. खाडीच्या पाण्यात महिनोन्महिने पडून राहणारी वस्तू माणसाच्या हाडात दीड-दोन महिन्यांत जाते, कारण तिथे रक्त सतत फिरतं, विरघळलेलं वाहून नेतं आणि पेशी उरलेलं उचलतात.

पॉलीलॅक्टाइडचंही असंच. लग्नाच्या पंगतीत आता 'विघटनशील' कप येतात. ते याच कुळातले. पन्नास-साठ अंश तापमानाच्या कंपोस्टच्या ढिगात ते कुजतात, धरमतरच्या खाडीत टाकले तर तसेच पडून राहतील. आणि हाडातला स्क्रू ३७ अंशांवर, तीन वर्षं घेऊन, जातो. 'विघटनशील' असं वस्तूवर छापून भागत नाही. कुठे आणि किती दिवसांत, तेही छापायला हवं.

२५ ऑगस्ट, रविवार

सकाळी भावजय घाबरी होऊन आली. पोराच्या नडगीवरच्या जखमेच्या कडेला मुरमाएवढा लाल फोड. तिच्या डोक्यात मी सांगितलेली फिनलंडची गोष्ट.

डॉक्टरांनी चष्मा वर करून पाहिलं, चिमट्याने टोक धरलं आणि ओढलं. जांभळ्या धाग्याचा तुकडा, गव्हाच्या दाण्याच्या निम्म्याएवढा, गाठीसकट बाहेर आला. बोटावर चुरडला तर ओल्या कागदासारखा फसकला. जुलैत ज्याला हिसका देऊन तोडता आलं नव्हतं, त्याच जातीचा हा धागा. आतल्या टाक्याची गाठ. गाठीत माल जास्त, म्हणून ती शेवटी जाते, आणि कातडीच्या जवळ असली तर शरीर तिला जिरवण्याऐवजी बाहेर ढकलतं. ताप नाही, गुडघा गरम नाही, आत सूज नाही. औषध दिलं नाही, फक्त जखम स्वच्छ केली.

परतताना डॉक्टर म्हणाले ते महत्त्वाचं. "फाईल नसती आणि हाच पोरगा दोन वर्षांनी नडगीवर वाहती सूज घेऊन आला असता, तर मी काय धरलं असतं? आधी जंतू, मग क्षय. हाडातून पाणी आलं की आपल्याकडे पहिला संशय क्षयाचाच." जंतू न सापडणारी सूज आणि जंतूंची सूज वरून सारखीच दिसते. आत काय बसवलंय आणि कधी, हे ठाऊक असेल तरच तिसरी शक्यता सुचते. नाहीतर प्रतिजैविकं चालूच.

रात्री नियम वाचत बसलो. शरीरात बसवायच्या वस्तूंसाठी आयएसओ १०९९३ ही चाचण्यांची मालिका आहे. उंदराच्या पेशींच्या एल९२९ या वाणावर पदार्थाचा अर्क घालून त्या जगतात का पाहायचं, गिनीपिगच्या कातडीवर वावडं येतं का पाहायचं, प्राण्याच्या अंगात बसवून भोवतालचं मांस तपासायचं, इथिलीन ऑक्साइडचा वायू किती उरलाय ते मोजायचं. पॉलिमर तुटल्यावर काय काय निघतं, यासाठी वेगळा भाग आहे. मी असतो तर आणखी दोन आकडे मागितले असते: साखळी जोडायला वापरलेल्या कथिलाच्या संयुगाचा अंश किती आणि न जुळलेला लॅक्टाइड किती. न जुळलेला माल जास्त असला की वेळापत्रक आधीच सुरू होतं.

आपल्याकडे वैद्यकीय उपकरण नियम २०१७ चे, १ जानेवारी २०१८ पासून लागू. जोखमीनुसार अ ते ड असे वर्ग, अंगात विरघळणाऱ्या वस्तू वरच्या जोखमीत. आणि ६ जुलै २०१५ पासून देशात मटेरिओव्हिजिलन्सचा कार्यक्रम सुरू आहे, गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडे. उपकरणाने त्रास दिला तर तिथे कळवायचं. डॉक्टर कळवू शकतो, रुग्णही कळवू शकतो. पण कळवण्याच्या अर्जात लॉट नंबर विचारतात. पुन्हा स्टिकरपाशीच आलो.

१४ सप्टेंबर, शनिवार

गौरी-गणपती गेले. पोरगा आता कुबडीशिवाय अंगणात फिरतो, जिना उतरताना मात्र कठडा धरतो. अकरावा आठवडा लागला म्हणून भावजय रोज गुडघ्यावर हात फिरवते. तिला पुन्हा समजावलं, अकरा आठवड्यांचं भय पॉलीग्लायकोलिकचं. तुझ्या पोराच्या हाडात पॉलीलॅक्टाइड आहे, त्याचं घड्याळ महिन्यांवर नाही, वर्षांवर चालतं. आत्ता निर्धास्त राहा, २०२६ आणि २०२७ मध्ये लक्ष ठेव.

"मंग धातूचाच बरा व्हता का?"

सरळ उत्तर द्यायचं टाळलं नाही. ज्याला पुन्हा डॉक्टरकडे जाणं शक्य आहे, ज्याची कागदपत्रं जागेवर आहेत, ज्याचं वय बावीस आहे आणि पुन्हा खेळायचंय, त्याला विरघळणारा फायद्याचा. उद्या दुसरं ऑपरेशन लागलं तर हाड शाबूत मिळेल. जो फाईल फेकून देणार, कामासाठी तीन गावं बदलणार, त्याला धातूचा बरा. तो एक्स-रेत आपोआप दिसतो, त्याची ओळख त्याच्याबरोबरच असते. विरघळणाऱ्या वस्तूला साक्षीदार लागतो, कारण ती स्वतःचा पुरावा पुसत जाते.

मग कामं वाटून घेतली. स्टिकरचा फोटो तिघांच्या मोबाईलवर, झेरॉक्स रेशनकार्डाच्या पिशवीत. पुतण्याने डॉक्टरांच्या सांगण्यावरून नवव्या महिन्याआधी मैदानात पाय टाकायचा नाही, हे त्याच्याच हातून वहीत लिहून घेतलं. त्याने वर स्वतःची सही केली आणि खाली लिहिलं, 'सराव चालेल.' ते मी खोडलं.

गुरुजींनी आणखी एक सुचवलं. आमच्या आळीत कोणाच्या कंबरेत प्लेट, कोणाच्या पोटात हर्नियाची पॉलीप्रॉपिलीनची जाळी, कोणाच्या हृदयात स्टेंट. कोणालाच कंपनीचं नाव ठाऊक नाही. येत्या रविवारी डॉक्टरांच्या दवाखान्यात बसून ज्यांच्याकडे फाईल आहे त्यांची स्टिकरं एका रजिस्टरात उतरवायची. शस्त्रक्रियेची तारीख, वस्तू, पदार्थ, लॉट नंबर, कोणत्या बाजूला. गुप्तता म्हणून रजिस्टर डॉक्टरांच्याच कपाटात, कुलपात. कपाटाचं दार पावसाने अजून बसत नाही. सुताराला सांगून रंधा मारून घ्यायचंय, तो खर्च माझा.